बीआरटी बुडाली ती पुणेकरांच्या बेशिस्तीमुळे?

मुठाकाठ : 'प्रकल्प फसतात ते लोकांना शिस्त नसते म्हणून, पुण्याची बीआरटी पाहा,' असा निकाल काल एका सदस्याने देऊन टाकला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. बीआरटी म्हणजे बससाठी राखीव मार्गिका ठेवून चालवलेली जलद बससेवा. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग सुरू झाला तेव्हा रस्ता महापालिकेचा, बस पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, आणि नियमन पोलिसांचे होते. मार्गिका मध्येच तुटत असे, आणि ती सलग ठेवण्याची जबाबदारी कोणा एकाची नसल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत होते. अहमदाबादने 2009 मध्ये 'जनमार्ग' सुरू केला तो बीआरटीसाठीच वेगळी कंपनी काढून. तिथले दुचाकीस्वार काय साधुसंत आहेत?

हडपसरवासी : नसतील, परंतु आमच्या बसपुढे घुसणारी दुचाकी महापालिकेच्या मालकीची नव्हती. कंपनीचेच म्हणाल, तर 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झालीच की! काय फरक पडला?

मुठाकाठ : कंपनीकडे बस गेल्या, रस्ता महापालिकेकडेच राहिला. हाच तर माझा मुद्दा आहे.

खतावणी : दोघेही मूळ रोग विसरता, तो म्हणजे बदल्या. सनदी अधिकारी तुकाराम मुंढे मार्च 2017 मध्ये पीएमपीएमएलचे प्रमुख म्हणून आले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. मी एका सहकारी बँकेत असताना संगणकीकरण रेटणाऱ्या व्यवस्थापकांना दूरच्या शाखेत पाठवले गेले, आणि नव्या साहेबांनी संगणकावरच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत म्हणून आम्हाला रात्री उशिरापर्यंत खतावण्या पुन्हा हाताने लिहायला लावल्या. याउलट कोकण रेल्वे पाहा : 1990 मध्ये महामंडळाची सूत्रे श्रीधरन यांच्याकडे आली, त्यांना पुरेसा काळ मिळाला आणि 1998 मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावली.

हडपसरवासी : श्रीधरन यांच्या बोगद्यात पुणेकर दुचाकी घेऊन शिरत नव्हते. शिवाय साहेब टिकले की काम होते, हा सिद्धान्त कुठला? माझ्या कार्यालयात एकच साहेब वर्षानुवर्षे ठाण मांडून होते आणि एकही योजना पुढे सरकली नाही.

खतावणी : आपले साहेब नालायक होते, याला माझा इलाज नाही.

मुठाकाठ : साहेबपुराण आवरा. दिल्लीची बीआरटी 2008 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये उखडली गेली; तिथेही पुणेकरच होते का?

हडपसरवासी : बरे, तीन मालकांचा मुद्दा मान्य करतो. मात्र मार्गिकेत घुसणाऱ्यांना त्यामुळे निर्दोष ठरवणार असाल, तर ती मान्यता परत घेतो.