लिलावातली पोलीस बोलेरो: आतून काय तपासावं?

प्रश्न: मुंबईतल्या लिलावात पोलिसांची डिझेल बोलेरो आहे. मीटर 82,000 किमी, बाहेरून ठीक. सुरू करून बघता येईल, पण चालवता येणार नाही. काय पाहू?

डिझेलवाला: मीटरवर जाऊ नका. नाकाबंदी, बंदोबस्तात गाडी तासन्‌तास जागेवर चालू असते. तासभर आयडलिंग म्हणजे ढोबळमानाने 40-50 किमीची झीज धरा. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण नुसतं वर ठेवा. धुराच्या जोराने ते उडालं तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर घासलेत. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, काजळीही साचलेली असणार.

पत्रेवाला: छपरावरचा दिवा काढला की भोकं पुट्टीने बुजवतात, मग पावसाळ्यात पाणी झिरपतं. आतलं छताचं कापड दाबा. ओल किंवा पिवळे डाग दिसतील. मॅट उचला. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासीला स्क्रूड्रायव्हर टोचा. खाऱ्या हवेने पापुद्रे सुटत असतील तर ही गाडी नकोच.

वायरिंगवाला: सायरन, वायरलेस काढताना वायरी कापून टेप गुंडाळतात. बॅटरीवरून थेट आलेली, फ्यूज नसलेली जाड वायर आधी शोधा. ती पत्र्याला घासली की आग लागते! गाडी बंद करून अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट मोजा. 50 मिलीअँपिअरच्या वर असेल तर गळती आहे.

डिझेलवाला: दादा, बोलीआधी आरसीवरची तारीखही बघा. 15 वर्षं झालेल्या सरकारी गाडीची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून चालत नाही, ती स्क्रॅपलाच जाते. नावावर करताना फॉर्म 32 लागेल.