कळलावी : ही ‘कळ’ कोणती?

प्रश्न : पावसाळ्यात झुडपांच्या आधाराने चढणाऱ्या नारिंगी-तांबड्या रानलिलीला कळलावी, खड्यानाग, इंदई, बचनाग आणि अग्निशिखा अशी निरनिराळी नावे आहेत. यांपैकी ‘कळलावी’ या शब्दातील कळ भांडणाची की वेदनेची? लेखनात कोणते नाव वापरणे योग्य ठरेल?

उत्तर : मराठीत ‘कळ’ या शब्दाचे दोन्ही अर्थ चालतात. ‘कळलाव्या’ म्हणजे भांडणे लावणारा, आणि प्रसूतीच्या वेळी येतात त्याही कळाच. हे फूल घरात आणले की भांडण होते, अशी समजूत अनेक ठिकाणी असल्यामुळे पहिला अर्थ चटकन पटतो. पण माझ्या मते ही समजूत नावावरून निघालेली आहे, नाव समजुतीवरून नव्हे. या वनस्पतीच्या कंदाचा लेप प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून बाहेरून लावण्याची रीत वैद्यकात जुनी आहे आणि संस्कृत निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, तिला ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भाला पुढे ढकलणारी, असे नावच दिलेले आहे. तेव्हा ‘कळा लावणारी ती कळलावी’ हा विग्रह अधिक सरळ वाटतो. संस्कृतात आणि हिंदीत ‘कलिहारी’ हे नाव रूढ आहे, आणि त्यातील ‘कलि’चा अर्थ कलह असा घेतला, तर ती कलह हरण करणारी ठरते, म्हणजे मराठी समजुतीच्या नेमकी उलट, त्यामुळे भांडणाच्या बाजूने हा शब्द साक्षीला आणण्यात अर्थ नाही.

बाकीची नावे रोपाच्या वेगवेगळ्या भागांकडे पाहून पडलेली दिसतात. ‘अग्निशिखा’ हे फुलावरून पडले. त्याच्या सहा नागमोडी कडांच्या पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, आणि आधी हिरवट, मग पिवळ्या, नारिंगी व शेवटी लाल होत जातात. (संस्कृतात नपुंसकलिंगी ‘अग्निशिख’ म्हणजे केशर, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.) ‘लांगली’ आणि ‘हलिनी’ ही संस्कृत नावे जमिनीखालच्या, नांगरासारख्या वाकलेल्या कंदावरून आली. तमिळमध्येही या कंदाला ‘कलप्पै किळंगु’, म्हणजे नांगरकंद, म्हणतात. फुलाला तिकडे ‘सेंगांदळ’ म्हणतात आणि ते तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे. कन्नडमधील ‘गौरी हूवु’ या नावात फुलण्याचा काळ आणि गौरीचा सण यांची सांगड दिसते.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरकर्त्याची) : वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र ‘बचनाग’ या नावाबद्दल अधिक काटेकोर राहायला हवे. बचनाग हा ‘वत्सनाभ’ या शब्दाचा अपभ्रंश असून खरा वत्सनाभ ही हिमालयातील, निळसर-जांभळ्या फुलांची, अगदी वेगळ्या कुळातील वनस्पती आहे. दोघींचे कंद विषारी असल्यामुळे एकीचे नाव दुसरीला चिकटले असावे. गुजरातीत तर कळलावीला ‘दूधियो वछनाग’ असे विशेषण जोडून वेगळे केलेले आहे. वत्सनाभातील विष अ‍ॅकोनिटिन, ते हृदयाची लय बिघडवते. कळलावीतील विष कोल्चिसिन, ते पेशींचे विभाजन थांबवते. विषबाधेच्या प्रसंगी नुसते ‘बचनाग खाल्ला’ असे सांगितले, तर डॉक्टरांचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून बोलीचा नमुना देताना हे नाव जरूर नोंदवावे, पण स्वतंत्रपणे वापरू नये.

‘लिली’ या शब्दाविषयीही थोडेसे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये या वनस्पतीला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव दिले. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत असत, आता ती कोल्चिकेसी या कुळात मोडते. ‘रानलिली’ हा शब्द वर्णनापुरता चालेल. शीर्षकात मात्र ‘कळलावी’ लिहून, पहिल्या उल्लेखाच्या वेळी शास्त्रीय नाव जोडावे.