बोंबलाची वीण आणि विकत घेण्याजोगी लांबी : जाणकारांची मदत हवी आहे

आम्ही अंधेरीत राहतो आणि आमच्याकडे ओले बोंबील वरचेवर होतात. ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, तो शक्यतो विकत घेऊ नये असे घरात ठरले आहे. मात्र बोंबलाच्या बाबतीत ते पाळायचे कसे, हे कळत नाही.

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये माशांची जी किमान लांबी ठरवून दिली, तीत बोंबलासाठी 180 मिलिमीटर ही मर्यादा आहे. एवढी लांबी गाठलेल्या मादीची एक वीण झालेली असतेच, असे धरून चालावे का, की तिच्याहून मोठेच बोंबील निवडावेत?

यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, म्हणून तेवढे दोन महिने मासे टाळले की झाले, असे बरेच जण मानतात. बोंबलाची वीण मात्र पावसाळ्यापुरती नसते. आमच्याकडे ऐन थंडीतही गाबोळी (माशाच्या पोटातली अंडी) निघाली आहे. मग तिचा जोर कोणत्या महिन्यांत असतो?

डोल जाळ्याची (प्रवाहात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याची) शेवटाकडची आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, इतकी बारीक असते की भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जवळा आणि त्याच्या मागावर असलेली बोंबलाची पिल्ले एकदमच आत येतात. (हा मासा स्वतःची पिल्लेही सोडत नाही. परवा साफ करताना एकाच्या पोटातून थोडा जवळा आणि बोटभर लांबीचा, जेमतेम पचू लागलेला बोंबील निघाला.) अशी पिल्ले जाळ्यातून जिवंत सुटावीत म्हणून डोलीत काही बदल करता येतो का आणि आपल्याकडे कोणी तो केला आहे का?

सुक्या बोंबलाचे कोडे याहून अवघड आहे. वेसावे, उत्तन इथे जबड्यात जबडा अडकवून ते वलांडीवर (बांबूच्या मांडवावर) वाळत घालतात. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असल्यामुळे वाळल्यावर तो अगदी काडी होतो. जाडी जाते हे दिसतेच, पण लांबीही घटते का? घटत असल्यास 180 मिलिमीटरचा ओला बोंबील वाळल्यावर साधारण केवढा भरतो?

मत्स्यविज्ञान शिकलेल्यांनी किंवा ज्यांच्या घरची डोल आहे त्यांनी लिहिल्यास फार बरे होईल. बोंबील खाणेच सोडा, हा सल्ला मात्र कृपया देऊ नये. तो घरात कोणीही ऐकणार नाही.