कानातला आवाज मधेच पूर्ण थांबतो आणि पाच मिनिटांनी परत सुरू, असं कोणाला होतं का?

चटणीवाली_मुलुंड
रात्री १२:५०

लिहू की नको करत होते पण झोप तर येतच नाहीये, म्हणून लिहूनच टाकते. वय ४३, मुलुंड, नोकरी बीकेसीत. गेले चौदा महिने दोन्ही कानात आवाज येतो, उजव्यात जरा जास्त. कसा, तर जुना डबा टीव्ही लावला की चित्र यायच्या आधी एक बारीक किन्न आवाज यायचा ना, तसा. काही दिवस त्याच्या मागे रातकिडे पण असतात. पाच वर्षं पथकात ढोल वाजवलाय, कानात काहीही न घालता. घालायचं असतं हेच माहीत नव्हतं आणि एक मुलगी कापूस घालून यायची तिची आम्हीच मस्करी करायचो, त्यामुळे कारण शोधायला लांब जायला नको. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढलाय, ४००० हर्ट्झला खड्डा आहे, म्हणजे त्या बारीक सुराला ऐकू कमी येतं, उजवीकडे ४५ डेसिबल, डावीकडे ४०, बाकी नॉर्मल. डॉक्टरांनी कागद बघितला, म्हणाले याला औषध नाही सवय करून घ्या, आणि त्याच दमात तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. औषध नाही तर गोळ्या कसल्या हे मला लिफ्टमधे सुचलं.

आता मुद्दा. हा आवाज रोज सारखा नसतो. दुपारी झोपून उठलं की हमखास वाढलेला, ऑफिसमधे ऑडिट असलं की वाढलेला, कधी काहीच कारण नसताना दोन दिवस एकदम बारीक. आणि आत्तापर्यंत चार वेळा पूर्ण बंद झालाय. कमी नाही, बंद. लोकलमधे कळत नाही ते वेगळं, तिथे शेजारचीचं बोलणं पण कळत नाही, मी शांत घरातलं सांगतेय. शेवटचं म्हणजे मागच्या रविवारी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटत होते, मिक्सर बंद केला आणि काही नाही! फ्रिजची घरघर ऐकू आली, खाली कोणीतरी बादली ठेवली ती ऐकू आली. मी भांडं हातात धरून ओट्याशी तशीच उभी, हलले तर परत येईल म्हणून. चार-पाच मिनिटं असतील, मग लांबून कोणीतरी बटण फिरवत आणल्यासारखा हळूहळू आला. आणि मी रडले. पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा सुद्धा नव्हते रडले.

सोमवारी परत मिक्सर लावला, रिकामाच. नवरा आतून विचारतोय काय वाटतेयस, मी म्हटलं काही नाही, आणि खरंच काही नाही झालं. मंगळवारी खोबरं घालून लावला, तेवढंच. तरी नाही. फ्रिजमधे आता चटणीचे तीन डबे आहेत.

तर हे बरं होण्याचं लक्षण आहे का? आपोआप थांबतो म्हणजे थांबवता येत असणार ना, फक्त तेव्हा मी वेगळं काय केलं होतं ते कळायला हवं. कोणी शोधून काढलंय का?

—

विरारचा_डबा
सकाळी ७:१५

ताई मी नऊ वर्षं या गाडीत आहे, तुम्ही चढलात ते स्टेशन मला चांगलं माहितीये. मीही तेच केलं. पहिल्यांदा माझा आवाज बंद झाला तो वसईच्या खाडीपुलावर, म्हणजे पूल संपल्यावर डबा जरा शांत झाला तेव्हा कळलं. मग मी एक्सेल केली. हसू नका, अकरा महिने चालवली. रोज किती वाजता झोपलो, चहा किती, लोणचं पापड खाल्लं का, एसी डबा का साधा डबा, बायकोशी भांडण (हो, तोही कॉलम होता), आणि दर दोन तासांनी आवाजाला दहापैकी मार्क. ऑफिसमधे मीटिंग चालू असताना मी मार्क द्यायला डोळे मिटून ऐकायचो. वर्षाच्या शेवटी ग्राफ काढला. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी वाढतो एवढं एकच निघालं, जे माझी आई फुकटात सांगत होती. बाकी कशाचा कशाला पत्ता नाही. पण मी दिवसातून आठ-दहा वेळा मुद्दाम कान लावून तो आवाज शोधत होतो आणि ते अकरा महिने नऊ वर्षांतले सगळ्यात वाईट गेले. शीट बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस हात शिवशिवत होते, मग सुटलं.

बंद मला अजूनही होतो, वर्षातून पाच-सहा वेळा तरी. मोजत नाही आता त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

आणि एक विचारतो, आत्ता हे वाचताना येतोय का?

—

चटणीवाली_मुलुंड
सकाळी ७:४०

दादा सकाळपासून लक्ष नव्हतं, विचारलंत आणि आला. धन्यवाद 🙏

—

श्रवणवाली
सकाळी ११:०५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सरकारी ठिकाणी शिकले, आता ठाण्यात काम करते. इथे कोणाला तपासत नाहीये हे आधीच सांगते, पण या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात त्या सोडवते.

मिक्सरचं आधी. याला नाव आहे, रेसिड्युअल इनहिबिशन. तुमच्या आवाजाच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीचा बाहेरचा आवाज मिनिटभर जोरात पडला की तो बंद झाल्यावर आतला आवाज काही सेकंद, कधी काही मिनिटं दबलेला राहतो. आम्ही क्लिनिकमधे हे मुद्दाम करून बघतो, बऱ्याच जणांना होतं, सगळ्यांना नाही, आणि ज्यांना होतं त्यांनाही दर वेळी सारखं होत नाही. म्हणजे तुम्हाला भास झाला नाही, आणि तुम्ही काही चुकीचं केलंत म्हणून सोमवारी फसलं असंही नाही. पण ताई मिक्सर हा उपचार म्हणून वापरू नका हो. घरचा मिक्सर जवळून सहज ८५ डेसिबलच्या वर जातो, आणि तुमचे कान त्याच कारणाने इथवर आलेत.

आता आवाज येतो कुठून. आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो त्यात, जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात परत उगवत नाहीत. तुमच्या ४००० हर्ट्झच्या पेशी ढोलात गेल्या. तिथून मेंदूकडे निरोप येणं कमी झालं की मेंदू त्या पट्ट्याचा व्हॉल्यूम स्वतःच वाढवतो, आणि रिकाम्या लाईनवरची खरखर तुम्हाला किन्न म्हणून ऐकू येते. हा व्हॉल्यूम झोप, ताण, लक्ष, सगळ्यावर हलतो, म्हणून आवाज खालीवर होतो. तो पूर्ण खाली येऊ शकतो हे तुमच्या रविवारी दिसलं. ते चांगलंच आहे, पण पेशी बऱ्या होतायत असा त्याचा अर्थ काढू नका.

एक साधी गोष्ट करून बघा, एकदाच. दात घट्ट आवळा, मग जबडा पुढे काढा, मग मान एका बाजूला वळवून हाताने थोडा विरोध द्या. आवाज बदलला तर जबड्याचा मानेचा पण हात आहे. त्या स्नायूंकडून येणाऱ्या नसा आणि ऐकण्याच्या नसा मेंदूत खालच्या भागात एकत्र येतात. रात्री दात खात असाल तर दाताच्या डॉक्टरकडे जाऊन त्याचा खरा फायदा होऊ शकतो.

थांबायचं नाही अशा गोष्टी: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येणं, फक्त एकाच कानात असणं किंवा दोन कानांच्या ऐकण्यात बराच फरक पडणं, आणि सोबत गरगरून कान भरल्यासारखा वाटून ऐकू कमी जास्त होणं (हे शेवटचं मेनिएर नावाचा आतल्या कानाचा आजार असू शकतो). आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका दिवसात-दोन दिवसांत गेलं, तर सर्दी आहे दडे बसलेत म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी ईएनटी, कारण स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. याउलट कधीतरी एका कानात एकदम टीं वाजून अर्ध्या मिनिटात जातं ते जवळजवळ सगळ्यांना होतं, सोडून द्या. तुमच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या आहेत ते ठीक वाटतंय.

गोळ्या जिंकोच्या (त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क) असतील तर अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या २०१४ च्या गाईडलाईनमधे त्या देऊ नका असं स्पष्ट आहे. त्याच गाईडलाईनमधे सीबीटी, म्हणजे त्रास होण्याची पद्धत बदलणारं समुपदेशन, सुचवलंय. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीनने पण बऱ्याच जणांना आराम पडतो. महागड्या जागी जायची गरज नाही, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलला नायरमधे ऑडिओलॉजी विभाग आहे.

—

साधक_बोरिवली
दुपारी १:३०

ताई तुम्ही घाबरताय कशाला? हा अनाहत नाद आहे. योगी लोक वर्षानुवर्षं साधना करतात तेव्हा ऐकू येतो. तुम्हाला घरबसल्या मिळालाय.

—

विरारचा_डबा
दुपारी १:३४

साधकराव माझा घेऊन जा, नऊ वर्षं मुरलेला आहे. पार्किंगसकट देतो.

—

साधक_बोरिवली
दुपारी १:५०

थट्टा करा. पण भ्रामरी करून बघा रात्री, हं करून मोठ्याने गुंजारव. मला झोप लागते.

—

श्रवणवाली
दुपारी २:१०

भ्रामरीला माझी ना नाही. श्वास संथ होतो, आपलाच आवाज आतल्या आवाजावर पडतो, झोप लागली तर उत्तमच.

—

चाळकरी_लालबाग
रात्री ९:२०

मला कानाचा त्रास नाही, वडिलांना होता म्हणून लिहितोय. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, सव्वीस वर्षं. ज्यांनी साचेखातं चालू असताना बघितलंय त्यांना सांगायला नको, शेकडो साचे एकावेळी, तिथे बोलत नाहीत, ओठ आणि हात बघून समजून घेतात. वडील घरी पण तसेच, तोंडाकडे बघितल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत, आम्हाला लहानपणी वाटायचं रागावलेत.

१९८२ च्या जानेवारीत संप लागला. ते घरी बसले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी रात्री उठून गॅलरीत आले आणि आईला म्हणाले, गिरणी चालू झाली वाटतं गं, ऐकू येतेय. आई म्हणाली काही चालू नाही, झोपा. मग त्यांना कळलं की तो साचा कानातला आहे. असणार आधीपासूनच, पण आठ तास गिरणी, मग चाळीचा गोंगाट, मग मेल्यासारखी झोप, यात ऐकायला वेळ कोणाला होता. गिरणी काही परत चालू झाली नाही, कानातली पाळी मात्र २००९ ला गेले तोपर्यंत सुटली नाही. आमची आजी म्हणायची ती रावणाची चिता आहे, कान बंद केले की सगळ्यांनाच ऐकू येते, त्यात काय. आजीचं खोटं नव्हतं तसं, एवढी शांतता मिळाली तर सगळ्यांनाच काही ना काही ऐकू येत असेल.

डॉक्टर वगैरे नाही झालं. ते एक करायचे, खोलीत पूर्ण शांत होऊ द्यायचे नाहीत. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून अगदी बारीक ठेवायचे, खर्र आवाज, आम्ही त्या आवाजातच अभ्यास केला आणि झोपलो. पावसाळ्यात रेडिओ बंद, पत्र्यावरचा पाऊस पुरायचा. कधी थांबायचा का, माहीत नाही, विचारलं नाही कधी. तुमचा मिक्सरचा किस्सा वाचला आणि वाटलं विचारायला हवं होतं.

—

श्रवणवाली
रात्री १०:०२

चाळकरी, आजी बरोबर होत्या. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कान ठणठणीत असलेल्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं होतं, ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. आणि वडिलांचा रेडिओ आम्ही आता मोबाईलवर व्हाईट नॉईज म्हणून सांगतो. आवाज झाकायचा नाही, त्याच्यापेक्षा किंचित खाली ठेवायचा, हे पण ते बरोबर करत होते.

—

चटणीवाली_मुलुंड
दुसऱ्या दिवशी रात्री ११:३०

सगळ्यांना एकत्र लिहिते. दात आवळले तर उजवीकडचा चढतो, चांगलाच, शिट्टीच होते. आणि नवरा म्हणतो मी झोपेत दात खाते, हे तो पंधरा वर्षं म्हणतोय, मी मानत नव्हते. दातवाल्याकडे शनिवारची वेळ घेतलीये. गोळ्या बघितल्या, जिंकोच आहेत, दीड महिन्याच्या उरल्यात.

डबावाले दादा, माझ्या फोनमधे पण नोट होती, तुमच्या एक्सेलएवढी नाही पण चार वेळांच्या तारखा, त्या दिवशी काय खाल्लं, पाळीची तारीख, सगळं. काल पुसणार होते, नाही पुसली, आर्काईव्हला टाकली. एकदम नाही जमत.

चाळकरी, तुमचं वाचून नवऱ्याला वाचून दाखवलं. रात्री टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावलाय, हवा नको नुसती घरघर.

एक राहिलंच. पथकाचा सराव पुढच्या महिन्यात सुरू होतोय. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, तरी विचारते. ढोल नाही घेत, ध्वज घेतला तर चालेल का? ध्वज पुढे असतो, ढोलांपासून लांब.

—

श्रवणवाली
रात्री ११:४८

किती लांब, पंधरा फूट? पथक पूर्ण वाजायला लागलं की आवाज शंभरच्या वर असतो, आणि १०० डेसिबलला सुरक्षित वेळ धरतात पंधरा मिनिटं. दर तीन डेसिबलला निम्मी होते. मिरवणूक किती तास चालते ते तुम्हीच सांगा.

जायचंच असेल तर फोमचे इअरप्लग, कापूस नाही, कापसाने काही होत नाही. नीट पिळून बारीक करून, दुसऱ्या हाताने कान वर मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोट धरायचं. अर्धे बाहेर लोंबत असतील तर घातलेच नाहीत असं समजा. मधे मधे पथकापासून बाजूला जाऊन कानांना सुट्टी द्या. आणि सरावाला पण घाला, पूलाखाली सराव असेल तर तिथे जास्तच घुमतं.

—

चटणीवाली_मुलुंड
रात्री ११:५५

पूलाखालीच असतो 😑 दोन डझन मागवते, त्या कापूसवालीला पण देईन. ती अजून येते पथकात.