तुंबाड अंगावर आला, मुंज्या का नाही?

माजघर
२०२४ मध्ये थेटरात चार सिनेमे पाहिले: मुंज्या, स्त्री २, पुष्पा २ आणि सप्टेंबरात पुन्हा लागलेला तुंबाड. त्यातल्या एकाच सिनेमानंतर रात्री जिन्यातला दिवा चालू ठेवून झोपले, तो म्हणजे तुंबाड. आणि हा तर मी २०१८ मध्येच पाहिलेला!

मुंज्याकडून फार अपेक्षा होती. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे ऐकतच आपण वाढलो. आजोळी तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना आजी हात घट्ट धरायची आणि पार मागे पडेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. तो कसा दिसतो हे तिने कधीच सांगितलं नाही. सिनेमात तो उड्या मारतो, दात विचकतो, सतत बडबडतो. तासाभरात सवय होते आणि मग उरते ती पळापळ. भरपूर पैसा हाताशी आला की सगळं दाखवायची घाई होते, आणि भुताच्या गोष्टीचं त्यातच नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

पहिला_शो
अजिबात पटलं नाही. मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. मध्यंतरापर्यंत तिने माझी बाही सोडली नाही, आणि घरी येताना मुंज आणि सोडमुंज म्हणजे काय हे खोदून खोदून विचारलं. एका सिनेमाने एवढं केलं तर मला पुरे आहे.

शिवाय दिसलं की भीती जाते, हे कुठून आलं? १९९३ चा झपाटलेला आठवा. तात्या विंचू पहिल्यापासून ढळढळीत दिसतो, बोलतो, शिव्या घालतो. तरी आमच्या चाळीतली निम्मी पोरं बाहुली उशाशी घेऊन झोपायची बंद झाली होती.

माजघर
तात्या विंचूचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. पण तो रामदास पाध्यांनी घडवलेला खरा बाहुला होता. लक्ष्याच्या मानेला लटकायचा तेव्हा त्याचं वजन जाणवायचं, खोलीतला उजेड त्याच्या तोंडावर पडायचा, आणि वर प्रभावळकरांचा तो आवाज. मग माझं म्हणणं दुरुस्त करते: दिसण्याने बिघडत नाही, वजन नसलं की बिघडतं. स्त्री २ मध्ये सरकट्याच्या, म्हणजे त्या मुंडकं नसलेल्या भुताच्या, धडासाठी साडेसात फुटी खरा माणूस घेतला होता. तो दारात उभा राहतो तेव्हा दचकायला होतं. मुंडकं एकटं उडायला लागलं की माझ्यापुरतं संपतं.

धारपांचा_वाचक
तुंबाडमध्ये तेच तर आहे. खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे शूटिंग चाललं होतं. वाड्याच्या भिंतींची ओल पडद्यावरून नाकात येते. कणकेची बाहुली घेऊन दोरीने खाली उतरणारा बाप, हस्तर नावाचा शापित देव त्या पिठावर तुटून पडतो तोवर त्याच्या कमरेची नाणी ओरबाडायची, एवढाच खेळ. पण लोभ तिथे आधीपासून बसलेला आहे, म्हणून भीती वाटते. दिग्दर्शक राही बर्वे यांना हे बीज भयकथाकार नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून मिळालं. आपल्या भयकथेत केवढी ताकद आहे बघा.

पहिला_शो
ती ‘आजी’ मुळात स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’वरून घेतलेली. म्हणजे मूळ बीज अमेरिकेचंच.

धारपांचा_वाचक
बीज तिकडचं, हो. धारपांनी बाहेरून बरंच घेतलं आणि ते लपून राहिलेलं नाही. पण ती म्हातारी त्यांनी आपल्या माजघरात आणून बसवली. मी बारावीत लायब्ररीचं पुस्तक दुपारी वाचायला घेतलं आणि मागच्या खोलीतून आजी खोकली, तेव्हा आत जायचा धीर झाला नाही. ही भीती परकी नव्हती.

मालवणी_खाजा
तुम्ही सगळे भुतांवरच अडकलात. अ‍ॅक्शन आणि अद्भुत यांचं भांडण लावायचं कारणच नाही. २०२२ चा कांतारा घ्या. शेवटी नायक शिवाच्या अंगात गुळिग दैवत येतं आणि तो जी आरोळी ठोकतो, तिच्यावर आमचं अख्खं थेटर गप्प झालं होतं. ती मारामारीही आहे आणि अंगात येणंही. आमच्याकडे जत्रेत अवसर येतो तेव्हा पहिल्या रांगेतली माणसं आपोआप दोन पावलं मागे सरतात, अगदी तसं.

पुष्पा २ मधली जत्राही मला त्याच जातीची वाटते. तिरुपतीच्या गंगम्मा जत्रेत पुरुष खरोखर स्त्रीवेश घेतात. साडी नेसून, अंगाला निळा रंग फासून पुष्पा नाचतो तेव्हा नटाचा सगळा घाम दिसतो.

माजघर
जत्रेपुरतं मान्य. पण शेवटी हातपाय बांधलेला माणूस हवेत गरगरत दातांनी गळे फोडतो, तिथे कुठली देवी? तीन तास वीस मिनिटांत माझ्या लक्षात राहिली ती जत्राच.

मालवणी_खाजा
तुमच्या लक्षात राहिली ना? तिच्यासाठीच मी तिकीट काढलं होतं. आणि प्रभावळकरांचं नाव निघालंच आहे तर २०२५ चा दशावतार बघा. वयाच्या ऐंशीनंतर हा माणूस तोंडाला रंग लावून रानात उभा राहतो. मग वजनाचं बोलू.