माथानी साल्ढाणा यांच्या कार्याचे मोजमाप मंत्रिपदावरून करावे का?

अंत्रुजकर :
गोव्यातील लोकप्रतिनिधींविषयी उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी मी एक टिपण लिहीत आहे आणि माथानी साल्ढाणा यांच्या नावापाशी अडलो आहे. २००२ साली ते युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षातर्फे कुठ्ठाळीतून निवडून आले आणि पर्रीकर मंत्रिमंडळात पर्यटनमंत्री झाले. मार्च २०१२ मध्ये भाजपच्या उमेदवारीवर पुन्हा निवडून येऊन ते पर्यटन व पर्यावरण खात्यांचे मंत्री झाले खरे, परंतु शपथविधीनंतर दोन आठवड्यांच्या आत, २१ मार्च रोजी, त्यांचे निधन झाले. पर्यावरणमंत्री म्हणून त्यांनी अमुक एक काम केले असे दाखवता येत नाही, तरीही पर्यावरणाचा विषय निघाला की गोव्यात त्यांचे नाव हमखास येते. मुलांना हे कसे समजावून सांगावे? किनाऱ्याकडील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्याकाठचा :
सर, आपण शेवटाकडून सुरुवात केली आहे, म्हणून हा पेच पडला. साल्ढाणा पेशाने शिक्षक होते आणि त्यांचे खरे कार्य विधानसभेत पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीचे आहे. सत्तरच्या दशकात सांकवाळच्या पठारावरील खत कारखान्याच्या सांडपाण्यामुळे वेळसांवच्या बाजूला मासे मरू लागले, तेव्हा उभ्या राहिलेल्या आंदोलनात ते पुढे होते. त्यानंतर आला रापणकारांचा प्रश्न.

मुलांना आधी रापण समजावून सांगावी, कारण आजच्या बऱ्याच मुलांनी ती पाहिलेलीच नसते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर असतात आणि माणसांच्या दोन रांगा ते जाळे तासन्‌तास ओढत राहतात. लहानपणी मीही त्या दोराला हात लावला आहे. ओल्या, वाळूने माखलेल्या दोराने तळवे सोलून निघत, पण ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळत असे आणि मी ओंजळभर तारले (लहान मासे) घेऊन धावत घरी जात असे. ही मासेमारी मासळी काठाशी येण्यावर अवलंबून असते. सरकारी अनुदानावर आलेले ट्रॉलर, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, कोळंबीसाठी नेमके काठालगतच्या उथळ पाण्यात तळ खरवडत फिरू लागले, आणि पर्ससीन जाळी तर बांगड्यांचा अख्खा थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच वेढून खालून आवळून घेऊ लागली. रापण ओढून हाती येऊ लागला तो केरकचरा.

साल्ढाणांनी या लोकांना एकत्र आणले, मोर्चे काढले, उपोषणे झाली. १९७८ मध्ये देशभरातील पारंपरिक मच्छीमारांचा जो मंच स्थापन झाला, त्याच्याही अग्रभागी ते होते. १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला, तो या रेट्यामुळे. माझ्या मते टिपणाचा निम्मा भाग येथेच खर्ची पडावा.

नियमावली :
वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. कायदा झाल्याने ट्रॉलर दूर गेले असे मुलांनी समजू नये. रात्रीच्या वेळी समुद्रावर पाच किलोमीटरची रेषा कोण मोजणार, आणि गस्तीच्या नौका किती? एलईडी दिवे लावून मासळी ओढून घेण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्याविषयीच्या तक्रारी आजही संपलेल्या नाहीत. आंदोलनाने कायदा मिळवला, अंमलबजावणी मात्र सरकारी खात्याच्या हाती राहिली. साल्ढाणा सत्तेकडे का वळले याचे उत्तर मला तरी येथेच दिसते. गोव्याला विशेष दर्जा मिळावा या मागणीचे नेतृत्व करणारा हा ख्रिस्ती आंदोलक भाजपच्या तिकिटावर उभा राहिला, तेव्हा त्यांच्या काही जुन्या सहकाऱ्यांनाही ते रुचले नसणार. टिपणात हा मुद्दा झाकून ठेवू नये.

अंत्रुजकर :
दोघांचेही मनापासून आभार. त्यांच्या पत्नी एलिना साल्ढाणा यांचा उल्लेख याच टिपणात करावा, की स्वतंत्रपणे?

दर्याकाठचा :
स्वतंत्रपणेच करावा. जून २०१२ च्या पोटनिवडणुकीत त्या कुठ्ठाळीतून बिनविरोध निवडून आल्या आणि वन व पर्यावरण खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिज उत्खनन थांबवले, म्हणजे खात्याची कसोटी त्यांच्या वाट्याला लगेचच आली. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी भाजप सोडून आम आदमी पक्षात प्रवेश केला. हे सगळे पतीच्या चरित्राची तळटीप म्हणून उरकणे अन्यायाचे होईल. आणि सर, जमल्यास मुलांना एखाद्या पहाटे किनाऱ्यावर घेऊन या. आमच्या बाजूला अजून क्वचित रापण ओढतात, दोराला हात लावू देतील.