कोणता सचिन?

खजिनदार (बी-२०३): नमस्कार मंडळी. काल मेंटेनन्स खात्यात एक रक्कम जमा झाली आहे. शेऱ्यात फक्त 'सचिन'. आडनाव नाही, फ्लॅट नंबर नाही. दोन्ही विंग मिळून आपल्याकडे पाच सचिन आहेत. ज्यांनी भरले त्यांनी कृपया कळवावे.

सचिन ए-१०२: मी नाही. मी १ तारखेलाच भरतो आणि पावती मागतो. मिळत नाही तो भाग वेगळा.

खजिनदार (बी-२०३): पावत्यांचा विषय मीटिंगमध्ये झाला आहे. पुन्हा इथे नको.

देशपांडे काकू (ए-४०१): पाच कसे हो? मला चारच माहीत आहेत.

सचिन बी-५०४: मी पाचवा, काकू. भाडेकरू मोजत नाही वाटतं 😄

नाना (ए-३०१): सचिन म्हणजे सत् + चित्. सच्चिदानंदाचेच रूप. पवित्र नाव आहे 🙏

मुखर्जी वहिनी (बी-१०१): नाना, आमच्या बंगालीत ते 'शचीन' लिहितात, श आणि दीर्घ ची. शची म्हणजे इंद्राणी. तिचा पती इंद्र, म्हणून शचीन्द्र, आणि त्याचं छोटं रूप शचीन. क्रांतिकारक शचीन्द्रनाथ सान्याल आठवा. १९२४ मध्ये हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन उभी करणाऱ्यांतले, अंदमान भोगलेले.

नाना (ए-३०१): सत् + चित् 🙏

सचिन ए-६०१: तेंडुलकरमुळे आमचं नाव ठेवलं असं सगळे धरूनच चालतात. मी १९६९ चा! तेव्हा तो जन्मला पण नव्हता. आमचे बाबा एस. डी. बर्मन यांचे वेडे. त्याच साली 'आराधना' आला, आणि मी पण.

मुखर्जी वहिनी (बी-१०१): तेच तर. शचीन देव बर्मन, त्रिपुराच्या राजघराण्यातले, जन्म कुमिल्ल्याचा, १९०६. आणि तेंडुलकरचं नावही त्यांच्यावरूनच आहे. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक, कवी. त्यांना बर्मनदांची गाणी आवडायची.

मोहिते (बी-४०२): म्हणजे एका बंगाली संगीतकाराचं नाव मराठी कवीने उचललं आणि क्रिकेटवाल्याने घरोघर पोचवलं. मस्त!

खजिनदार (बी-२०३): माहिती छान आहे. पैसे कोणाचे?

सचिन बी-५०४: माझं नाव मात्र शंभर टक्के क्रिकेटचं. जन्म २३ एप्रिल १९९८. आदल्या दिवशी शारजात ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक, दुसऱ्या दिवशी त्याच्या वाढदिवसाला फायनलमध्ये पुन्हा शतक. आईने 'आदित्य' ठरवलं होतं. बाबा दवाखान्यात खिशाला रेडिओ लावून फिरत होते. आईचं मत कोणी विचारलंच नाही. ती अजून ऐकवते.

देशपांडे काकू (ए-४०१): बरोबरच आहे तिचं.

नाना (ए-३०१): अर्थ बघा मंडळी. सत् + चित् 🙏

सचिन ए-१०२: नाना, तीन वेळा झालं.

नाना (ए-३०१): ज्येष्ठांशी कसे बोलावे हे आजकाल नावात असून उपयोग नाही.

मोहिते (बी-४०२): सुरतेजवळ सचिन नावाचं गावच आहे. रेल्वे स्टेशनसुद्धा. तिथे पूर्वी संस्थान होतं, नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले. पैसे तिकडून तर आले नाहीत ना? 😂

खजिनदार (बी-२०३): मोहिते, तुमची स्वतःची दोन महिन्यांची थकबाकी आहे. मग विनोद करा.

मोहिते (बी-४०२): ग्रुपवर नावं घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. सेक्रेटरी साहेब, बघा हे.

सचिन बी-३०२: सॉरी, मीटिंगमध्ये होतो. पैसे माझे. पार्किंगचे जास्तीचे लावले होते ते कापून भरलेत.

खजिनदार (बी-२०३): कापून? कोणाला विचारून?

सेक्रेटरी (ए-२०१): कृपया दोघांनी माझ्याशी वैयक्तिक बोलावे. ग्रुप सर्वांचा आहे.

शिंदे मॅडम (ए-५०३): नावाचंच बोलायचं तर एक सांगते. मी बालवाडीत शिकवते. यंदाच्या यादीत आरव, विहान, रेयांश, कबीर... सचिन एकही नाही. पालकांच्या यादीत मात्र भरपूर! सही करायला येतात ते बाबा सचिन.

सचिन ए-६०१: तेंडुलकरनेच मुलाचं नाव अर्जुन ठेवलं, मग बाकीच्यांनी का ठेवावं?

सचिन बी-५०४: मलाही शाळेत वर्गात तीन जण होते. बाई 'सचिन' म्हणाल्या की तिघे उठायचो, आणि मार नेमका मलाच बसायचा.

देशपांडे काकू (ए-४०१): मुखर्जी वहिनी, आमच्या नातवाचं रविवारी बारसं आहे. तुमच्या बंगालीतली चांगली नावं सुचवा ना, 'श' वरून. सूनबाईला आत्ताच सांगू नका, तिने कुठल्याशा ॲपवरून काहीतरी भलतंच ठरवलंय.

सूनबाई (ए-४०१): आई, मी पण आहे या ग्रुपवर.